बेंजोवरचा जैत कल्याण

रमाकांत पालवच्या नावाआधी ‘पंडित’ कुणी लावलं, हे त्याचं त्यालाही नीट सांगता येणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी कल्याणच्या कुठल्याशा मंडळाने पत्रिकेत छापलं, त्याने हरकत घेतली नाही, आणि मग ते चिकटलं ते चिकटलंच. हरकत न घेणं हा त्याचा जुना गुण. त्या एका गुणावर त्याने आयुष्यात बरंच मिळवलं, आणि त्यापायी दुसऱ्यांचं काय गेलं याची वाच्यता कुठे केली नाही.

गाणं मात्र खरं होतं. लालबागच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा गिरगावात फणसवाडीला अप्पा त्रिलोकेकरांकडे बारा वर्षं शिकला, आणि पुढे पोटासाठी जे समोर आलं ते गायला. संगीत नाटकात तीन वर्षं नायकाच्या मित्राचं काम केलं, कारण नायक व्हायला उंची कमी पडत होती. रेडिओवर सकाळी सव्वासहाला गायला, तेव्हा ऐकायला दूधवाले तेवढे जागे असत. आरत्यांच्या कॅसेटी केल्या, लग्नांत मंगलाष्टकं म्हटली, एका पौराणिक मालिकेत गंधर्वाला आवाज दिला. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत चार सेकंदांची एक तान घेतली, आणि अख्ख्या महाराष्ट्राने त्याला ऐकलं ते तेवढंच. अलीकडे पहाटे पाचला उठून कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि न्यू जर्सीतल्या मुलांना भूप शिकवायचा. मुलं तिकडे रात्रीचं जेवता जेवता शिकत. या सगळ्या धावपळीत तीसचाळीस मैफली अशा झाल्या, की ज्यांनी ऐकल्या ते अजून आठवण काढतात. एवढं पुष्कळ झालं.

या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत एक ओळ कायम असे: ‘वडिलांकडून भजनाचे संस्कार लाभले.’

आता, त्याच्या वडिलांनी, दौलत पालवांनी, जन्मात भजन म्हटलं नव्हतं. त्यांचा गळा आणि सूर यांची कधी गाठच पडली नाही. ते बेंजो वाजवायचे. लालबाग-परळच्या मिरवणुकीत हातगाडीवर असतो तोच बेंजो: लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची, मागे भोंगा, आजूबाजूला ढोलकी आणि ताशे. हळद असो की गणपती, बेंजो पार्टी आली नाही तर गिरणगावातलं पाऊल हलत नसे. दौलत पालव बुधाजीच्या पार्टीत होते, आणि सातव्या वर्षापासून रमाकांतही त्यांच्या शेजारी, फळीवर मांडी घालून, आपल्या मापाचा छोटा बेंजो घेऊन बसायचा. त्याची बोटं पाहायला लोक मिरवणूक अडवून धरायचे.

चौदाव्या वर्षी शाळेच्या गायनस्पर्धेत अप्पांनी त्याला ऐकलं आणि घरी बोलावलं. अप्पांच्या दिवाणखान्यात दोन तंबोरे गवसणीत उभे होते, लादी इतकी स्वच्छ की पाय कुठे ठेवावा कळेना. अप्पांनी विचारलं, “घरी कुणी गातं-वाजवतं का रे?” रमाकांतच्या तोंडून निघालं, “वडील भजनं म्हणतात.” बेंजोची लाज वाटली, दुसरं काही नाही. पोरवयातली लाज होती, पण ती झाकायला बोललेलं खोटं पुढे पन्नास वर्षं छापून येत राहिलं.

गेल्या वर्षी त्याचा गळा गेला. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ निघाली, ती काढली, बाकी सगळं नीट आहे म्हणाले, पण आवाज खरखरीत झाला तो तसाच राहिला. डॉक्टरांनी कमी बोला सांगितलं. गाण्याचं नावही काढलं नाही. दादरच्या घरात तो महिनाभर खुर्चीत बसून होता. आणि तेव्हाच लालबागची चाळ पाडायची ठरली, म्हणून धाकट्या भावाचा, हितेंद्रचा फोन आला.

“दादा, माळो रिकामो करतंय. बाबांचो बेंजो गावलो. काय करू? भंगारवालो खाली उभो हा.”

“घेऊन ये,” रमाकांत म्हणाला.

तारा गंजल्या होत्या, चार बटणं अडकत होती. परळच्या एका दुकानातून त्याने तारा आणल्या, बटणांखालचे स्प्रिंग स्वतः बदलले. पहिल्या दिवशी दार-खिडक्या लावून बसला. सहासष्ट वर्षांचा माणूस, आणि शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून भीती वाटत होती. पण बोटं विसरली नव्हती. आठ दिवसांत त्याने खिडक्या उघडल्या, महिन्याभरात यमन वाजवू लागला, आणि सहा महिन्यांत दादरभर बातमी झाली की पंडितजी बेंजोवर रागदारी वाजवतात आणि ती ऐकण्यासारखी असते.

अनुजा केळुसकर नावाची एक उत्साही बाई दादरला छोटंसं संगीत मंडळ चालवते. तिने घरी येऊन ऐकलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथल्या तिथे तिने कार्यक्रम ठरवला. रविवारी संध्याकाळी सहा वाजता, आधी थोडी मुलाखत, मग वादन. शेवटी काय वाजवणार, असं तिने विचारलं तेव्हा रमाकांत सहज बोलून गेला, “जैत कल्याण. अप्पांची बंदिश आहे.” कारण गेले सहा महिने घरात एकटा असताना तो तीच वाजवत होता.

पुढच्या सोमवारी अनुजाने फोनवर पत्रिका पाठवली. वडिलांकडून भजनाचे संस्कार ही ओळ होतीच. शेवटी जैत कल्याणही होता. आणि मध्ये, ठळक अक्षरांत: ‘दीपप्रज्वलन: गुरुभगिनी श्रीमती सुमती कीर्तिकर.’ खाली अनुजाने लिहिलं होतं, “सरप्राइज! किती शोधल्या सांगू, माहीमला सापडल्या.”

रमाकांतने फोन पालथा ठेवला.

अप्पांची जैत कल्याणातली ती बंदिश म्हणजे त्या घरातला दागिना. अप्पांना ती त्यांच्या गुरूंनी अकरा वर्षं सेवा करून घेतल्यावर दिली होती, बाहेर जाऊ द्यायची नाही या अटीवर. अप्पांनी ती फक्त दोघांना दिली, सुमतीला आणि रमाकांतला. सुमती सत्तावीस वर्षांची, वडील गेलेले, धाकटा भाऊ शिकत असलेला. आवाज असा की रमाकांतला तिच्यामागून गायला बसायची भीती वाटायची. तो एकवीस वर्षांचा होता. घरी, दहा बाय बाराच्या खोलीत, तो रोज संध्याकाळी ती बंदिश घोटायचा. पडद्याआड दौलत पालव पहिल्या पाळीहून येऊन पडलेले असायचे. ते झोपलेले आहेत, असं रमाकांत समजत होता.

एकोणऐंशी सालच्या अनंत चतुर्दशीला वाडीच्या गणपतीसाठी बुधाजीच्या पार्टीची सुपारी ठरली. दौलतनी घरी मुद्दामच सांगितलं नाही. मुलाला चकित करायचं होतं. अप्पा, सुमती, रमाकांत आणि आणखी चारपाच मंडळी गॅलरीत उभी होती. मिरवणूक खालून जायला लागली, आणि हातगाडीवरच्या माणसाने वर पाहिलं. ढोलकीवाल्याला हात केला. गाडी थांबली. त्याने डोक्यावरची टोपी काढली, अप्पांच्या दिशेने दोन्ही हात जोडले, आणि अप्पांची बंदिश वाजवायला सुरुवात केली.

बेंजोवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, बटण दाबलं की सूर तुटक येतो. अप्पांच्या बंदिशीत तर पंचमावरून गंधारावर येण्याची एक जागा होती, जी शिकायला रमाकांतला चार महिने लागले. दौलतनी बटणांच्या पलीकडे तार अंगठ्याने ओढून ती जागा घेतली. एकदा नाही, दोनदा घेतली. भोंग्यातून ती सगळ्या रस्त्याने ऐकली, आणि पोरं त्यावर नाचूही लागली.

अप्पांचा चेहरा उतरला. नजर खालीच ठेवून त्यांनी विचारलं, “तुमच्या लालबागचे दिसतात. ओळखीचे आहेत का रे?”

“नाही,” रमाकांत म्हणाला.

खाली दौलत वाजवून झाले होते आणि वर पाहत होते. रमाकांत वळून आत गेला.

आत अप्पा खुर्चीत बसले. बंदिश मी दोघांनाच दिली होती, एवढंच म्हणाले. सुमती म्हणाली, अप्पा, मी कुणाला दिलेली नाही. मग अप्पांनी रमाकांतकडे पाहिलं. ‘ते माझे वडील आहेत’ एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर भजनांचं खोटं उघडं पडलं असतं, हातगाडी, भोंगा, नाचणारी पोरं सगळं त्या स्वच्छ लादीवर येऊन पडलं असतं, आणि कदाचित गाणंही सुटलं असतं. रमाकांत म्हणाला, “सुमतीताई परळला शिकवण्या करतात.”

हे खरं होतं. चर्नी रोडला चालत जाताना तिनेच एकदा विश्वासाने सांगितलं होतं. गुरूला न विचारता शिकवणं त्या घरात पाप होतं, आणि ती ते घर चालवण्यासाठी करत होती. अप्पांनी विचारलं, खरं आहे का, आणि तिने मान हलवली. त्यानंतर बंदिशीचं वेगळं काही विचारायची अप्पांना गरज वाटली नाही. इतकी वर्षं तिला तू म्हणणारे अप्पा म्हणाले, “उद्यापासून तुम्ही येऊ नका.” सुमतीने तंबोऱ्याला नमस्कार केला आणि चपला घातल्या. रमाकांत दाराजवळच उभा होता, त्याने तिला वाट करून दिली.

त्या दिवशी घरी दौलत आंघोळ करून, मुलाची वाट बघत बसले होते. “आज तुज्या गुरूक ऐकयलंय मी,” ते म्हणाले. “आवडला काय रे तेंका?”

“परत वाजवू नका ते,” रमाकांत म्हणाला.

दौलतनी मान हलवली. “बरा,” म्हणाले. पुढल्या वर्षी त्यांनी गिरगावची सुपारी सोडली. त्याच्या पुढच्या वर्षी पार्टीच सोडली. मग संप झाला, गिरणी गेली, आणि शहाण्णव साली तेही गेले. बेंजो केव्हा माळ्यावर गेला हे रमाकांतला माहीतही नव्हतं. मुलाला त्यांनी त्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि तेच त्याला सर्वांत जास्त टोचत आलं. विचारलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर फिटलं असतं.

फोन पालथा ठेवून रमाकांतने काय केलं, तर जे नेहमी करायचा तेच करायचं ठरवलं. अनुजाला फोन करायचा, जैत कल्याणाऐवजी दुसरं काही वाजवतो म्हणायचं. तिने कारण विचारलं नसतं. पंडितांना कारण विचारत नाहीत. सुमतीताईंनी दिवा लावला असता, यमन ऐकला असता, चहा घेऊन घरी गेल्या असत्या. त्याने दोनदा फोन हातात घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा तोच वाजला.

“रमाकांत ना? मी सुमती. ओळखलंस का आवाज?”

त्याने ओळखला. बहात्तर वर्षांचा झाला होता, पण षड्ज तोच होता.

“त्या अनुजाने तुझा नंबर दिला. म्हटलं आधी तुझ्याशी बोलावं. मी खरंच यायचं ना रे? म्हणजे, तुम्हाला चालेल ना सगळ्यांना? मला वाटायचं, माझं नाव तिथे कुणी काढतही नसेल. मी कालच मोत्याच्या कुड्या पॉलिश करायला टाकल्या, बघ, वेडेपणा.” ती हसली. “तू जैत कल्याण वाजवणार आहेस, असं लिहिलंय. ऐकेन रे मी. मला काही वाटणार नाही. झालं ते झालं.”

या बाईला काढून टाकलं होतं, आणि तीच आपण आलेलं चालेल का, असं विचारत होती. “सुमतीताई, मी येतो तुमच्याकडे,” तो म्हणाला. “उद्या दुपारी येतो.”

माहीमला तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. एकटीच राहत होती. विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेली, भावाला डॉक्टर केलेलं, स्वतः लग्न न केलेलं. भिंतीवर तंबोरा नव्हता, पेटीही नव्हती. ती चहा टाकायला म्हणून उठू लागली, तेव्हा रमाकांतने तिला बसा म्हटलं आणि एका दमात सांगून टाकलं. घसा दुखेपर्यंत बोलला. हातगाडीवरचे ते माझे वडील होते. बंदिश त्यांनी माझ्याकडून ऐकली होती. मला माहीत होतं आणि मी तुमच्यावर ढकललं.

खिडकीतून खालच्या भाजीवाल्याचा आवाज येत होता. रमाकांत तिच्या शब्दाची वाट बघत होता. चालता हो म्हटलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

“तुझे बाबा होते होय ते,” ती शेवटी म्हणाली. “काय सुंदर वाजवलं रे त्यांनी. अप्पांच्या तोंडाकडे लक्ष जाईपर्यंत मी नुसती ऐकत होते. आणि तू म्हणालास, ओळखत नाही.”

“हो.”

“त्यांनी ऐकलं का ते?”

“ऐकलं नाही. मी आत गेलो ते बघितलं.”

ती उठली, उगाच टेबलावरचं वर्तमानपत्र सारखं केलं, परत बसली. मग एकदम म्हणाली, “म्हणजे मनू नव्हती.”

रमाकांतला कळेना. कोण मनू?

“माझ्या शिकवणीतली. परळला यायची. अकरा वर्षांची असेल, पण कान असा होता रमाकांत, की एकदा गायलेलं तिच्यापुढे लपवता येत नसे. मी बंदिश कुणाला शिकवली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. पण शिकवणीच्या आधी मी तीच गुणगुणत असायची. त्या घरातून बाहेर पडल्यावर मी विचार करत राहिले, मी दिली नाही, तू तर देणारच नाहीस, मग गेली कुठून? मनूनेच उचलली, आणि चाळीत कुठे गायली, तिथून त्या बेंजोवाल्यांनी घेतली. दुसरं कोण असणार? तिचा एक मामा त्या पार्टीत ताशा वाजवायचा, तेही आठवलं. मी तिला उभं करून विचारलं. ती नाही म्हणाली. मी थोबाडीत मारली तिच्या. तिच्या आईला बोलावून सांगितलं, तुमच्या मुलीच्या चोरटेपणामुळे माझं आयुष्य मातीत गेलं, हिला परत पाठवू नका.” सुमतीने डोळे मिटले. “अप्पांनी मला काढलं, तेव्हा मला निदान बोलता तरी आलं. ती पोर नुसती रडत होती.”

इतकी वर्षं आपल्या हातून एका माणसाचं वाटोळं झालं, असा रमाकांतचा हिशेब होता. ते खोटं आणखी पुढे चालत गेलं होतं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“कुठे असते ती आता?”

“लालबागला. मसाला कांडपाचं दुकान आहे तिच्या सासरचं, तीच बसते. मला माहीत आहे, कारण मी त्या रस्त्याने जात नाही. दर वर्षी मसाला दादरला कुटून घेते.” ती उठली, कपाटातून पर्स काढली. “चल.”

“आत्ता?”

“मग केव्हा? पंचेचाळीस वर्षं काय कमी झाली?” असं रागाने ती पहिल्यांदाच बोलली.

खाली उतरून तिनेच टॅक्सी थांबवली. लालबागला उतरलं की आधी नाकाला कळतं. मिरचीचा खकाणा घशाशी जातो. रमाकांतला ठसका लागला. दुकान लहानसं होतं, मागच्या बाजूला दोन कांडप यंत्रं धडधडत होती, बाकावर सातआठ बायका आपापल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. गल्ल्यावर छपन्न-सत्तावन्नची एक ठसठशीत बाई, तोंडाला रुमाल बांधून, वजनकाट्यावर धने ओतत होती.

सुमती पायरीवरच थबकली. मग चढली. गल्ल्यावरच्या बाईने वर पाहिलं, तिचे हात थांबले, आणि तिने रुमाल खाली ओढला.

“बाई?” ती म्हणाली.

सुमतीने रमाकांतकडे पाहिलं. म्हणून रमाकांत पुढे झाला. त्याने आपलं नाव सांगितलं, सुमतीताईंचा गुरुबंधू म्हणून सांगितलं, आणि मग बोलायचं ते बोलू लागला. मागची यंत्रं धडधडतच होती.

“काय?” मनू म्हणाली. “मोठ्याने बोला जरा, ऐकू नाही येत.”

त्याने घसा ताणला. चाळीस वर्षं ज्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत गाणं नेलं, तो चार हातांवरच्या काउंटरपलीकडे एक वाक्य नेऊ शकत नव्हता. “ती बंदिश तुम्ही चोरली नव्हती,” तो ओरडला. निघाली ती नुसती खरखर. बाकावरच्या बायका गप्प होऊन बघू लागल्या.

“बंदिश? कसली बंदिश?” मनूने मागे वळून आवाज दिला, “ए, दोनों मशीन बंद कर मिनिटभर.”

यंत्रं थांबली. दुकानात इतकी शांतता झाली की बाकावरच्या बाईच्या बांगड्या वाजल्या तेही ऐकू आलं. आणि त्या शांततेत, अनोळखी आठ बायकांसमोर, पंडित रमाकांत पालवने सगळं पुन्हा सांगितलं: वडील, हातगाडी, गॅलरी, नाही म्हटलेलं, सुमतीताईंचं नाव घेतलेलं. आपल्यामुळे मनूला मार बसला आणि तिचं गाणं सुटलं, हेही सांगितलं. मान वर करून सांगायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

मनूने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही.

“बाईंनी एकच मारली,” ती म्हणाली. “घरी आईने मारलं ते निराळं. आठ दिवस रोज विचारायची, खरं सांग, कुणापुढे गायलीस. मामालाही खाली बोलवून भांडली, तो परत आमच्याकडे आला नाही. शेवटी मी हो म्हटलं. म्हटलं मी गायले, तेव्हा सुटले. आणि मग काय झालं माहितीये? मलाच खरं वाटायला लागलं. की गायले असणार मी कुठेतरी. लहान होते ना.” तिने काट्यावरचं वजन उचलून बाजूला ठेवलं. “माझ्या पोरींना मी गाणं नाही लावलं. म्हटलं आपल्याकडे खोड आहे ती.”

सुमती तिचा हात धरायला पुढे झाली. मनूने धरू दिला.

“तुमच्या आई असतात का इथे?” रमाकांतने विचारलं. “त्यांनाही मला सांगायचंय.”

“आई गेली. गेल्या चैत्रात.” मनू त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली. “शेवटपर्यंत कुणी घरी आलं की सांगायची, आमच्या मनूने असं केलं नसतं तर त्या बाई आज मोठ्या गाणाऱ्या झाल्या असत्या. वर्षभर आधी आला असतात तर चाललं असतं.”

बाकावरच्या एका बाईने पदर तोंडाला लावला होता. मागून कुणीतरी विचारलं, मशीन चालू करू का, आणि मनूने हातानेच थांब म्हटलं.

“रविवारी तुमचा प्रोग्राम आहे ना? बोर्ड लागलाय नाक्यावर,” ती म्हणाली. “तिथे माईक असेल. माईकवर सांगा हे सगळं. इथे या आठ जणींनी ऐकून काय होणार? आणि आमच्या चाळीतली जी माणसं उरलीत त्यांना मी घेऊन येते.”

“सांगतो,” रमाकांत म्हणाला.

“नुसतं मनू म्हणू नका. पूर्ण नाव घ्या, म्हणजे कळेल कोण ते.” तिने ऑर्डरच्या वहीतलं एक पान फाडलं, पेन त्याच्यापुढे ठेवलं. “लिहा. मनोरमा राजाराम शिगवण. माहेरचं नाव आहे, तेच घ्या.”

त्याने लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर नीट काढत लिहिलं.

“आईचं पण लिहा. जाईबाई.”

त्याने तेही लिहिलं. मनूने कागद आपल्याकडे वळवून दोन्ही नावं वाचली, बरोबर आहे म्हणाली, आणि कागद त्याच्या हातात दिला. मग तिने रुमाल परत तोंडावर ओढला आणि यंत्रं सुरू करायला सांगितली.

पायरी उतरल्यावर सुमती म्हणाली, “रविवारी माईकवर आधी वडिलांचं नाव घे.”